मॅनहोलवर भडका : चौकशी अहवालात ‘ठिणगी’ एवढे कारण पुरेसे आहे का?

प्रश्न : नवा_समितीसदस्य

नमस्कार. मी एका रासायनिक कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो आणि अलीकडेच माझी सुरक्षा समितीवर नेमणूक झाली आहे. आल्या आल्या माझ्यापुढे एका छोट्या आगीचा अहवाल सहीसाठी आला असून तो वाचल्यापासून मनात एक शंका घर करून बसली आहे.

घटना थोडक्यात अशी. रिॲक्टरमध्ये, म्हणजे अभिक्रियेच्या बंद भांड्यात, टोल्यूइन हे ज्वलनशील द्रव विद्रावक आधीच भरलेले होते. त्यानंतर एक कोरडी पावडर पिशव्यांमधून, उघड्या मॅनहोलवाटे (भांड्याच्या वरच्या झाकणाच्या तोंडातून), हाताने ओतली जात होती. चौथी की पाचवी पिशवी ओतताना मॅनहोलच्या तोंडाशी भडका उडाला. सुदैवाने ओतणारा कामगार मागे फेकला गेला, त्याच्या हाताला व कपाळाला किरकोळ भाजले आणि शेजारच्या सहकाऱ्याने पावडरच्या अग्निशामकाने आग लगेच विझवली. अहवालात कारणाच्या रकान्यात एकच वाक्य आहे : ‘स्थितिक विद्युतभारामुळे ठिणगी पडली.’ उपायांच्या रकान्यात अर्थिंगची वायर व क्लॅम्प बदलणे, कामगारांना अँटिस्टॅटिक बूट देणे आणि सूचनाफलक लावणे अशा तीन गोष्टी आहेत. गंमत अशी की त्याच अहवालाच्या मागच्या पानावर, घटनेनंतर अर्थिंगचा रोध मोजला असता तो मर्यादेतच आढळला, अशी नोंद आहे. म्हणजे जे बिघडलेले नव्हते तेच आपण बदलले.

माझा प्रश्न असा की, ठिणगी सापडली म्हणजे कारण सापडले, असे म्हणता येते का? मोठ्या कारखान्यांतील ज्या स्फोटांमध्ये माणसे दगावली, त्यांच्या चौकशा ठिणगीपाशीच थांबतात, की तिच्या मागे जातात? मी सही करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद : प्रक्रिया_सुरक्षा

आपली शंका रास्त आहे आणि तिचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. ठिणगी ही आगीच्या गोष्टीतील शेवटची आणि सर्वांत स्वस्त वस्तू असते. टोल्यूइनसारख्या सेंद्रिय विद्रावकाचे बाष्प हवेशी योग्य प्रमाणात मिसळले, की ते पेटवायला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी लागते. याउलट कोरड्या हवेत चालणाऱ्या माणसाच्या अंगावर दहा हजार व्होल्टपर्यंत विद्युतदाब चढू शकतो आणि त्या वेळी त्याच्या शरीरात साठलेली ऊर्जा दहा मिलिज्यूलच्या आसपास असते, म्हणजे गरजेच्या चाळीसपट. बोटाला जो चटका जेमतेम जाणवतो, त्यातही बाष्प पेटवण्याइतकी ऊर्जा असते. म्हणून या क्षेत्रातील अनुभवी लोक हिशेब करताना असे धरूनच चालतात की ज्वलनक्षम मिश्रण एकदा तयार झाले की ठिणगी कुठून ना कुठून येणारच. प्रश्न विचारायचा तो ठिणगीला नव्हे, मिश्रणाला : ते तिथे का होते?

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील फ्लिक्सबरो. १ जून १९७४ रोजी, शनिवारी दुपारी, नायलॉनचा कच्चा माल बनवणाऱ्या त्या कारखान्यात सायक्लोहेक्झेन या ज्वलनशील द्रवाच्या बाष्पाच्या ढगाचा स्फोट झाला आणि २८ माणसे मेली. त्यांपैकी १८ जण नियंत्रण कक्षात होते आणि त्या कक्षातून कोणीही जिवंत बाहेर आले नाही. तो ढग कशाने पेटला याविषयी चौकशीत तर्क झाले, आणि कारखान्यातीलच एखाद्या भट्टीपर्यंत तो पोहोचला असावा, असे मानले गेले. परंतु फ्लिक्सबरो जगाच्या लक्षात राहिले ते त्या भट्टीमुळे नव्हे.

तिथे एकापुढे एक, थोड्या थोड्या उतारावर, सहा रिॲक्टर होते. मार्च महिन्यात पाचव्याला लांबलचक तडा गेलेला आढळला. तो काढून घेऊन चौथा आणि सहावा रिॲक्टर तात्पुरत्या नळाने जोडण्याचे ठरले, जेणेकरून उत्पादन थांबू नये. मूळ तोंडे २८ इंचांची होती, हाताशी नळ होता २० इंचांचा. दोन्ही तोंडांच्या पातळीत फरक असल्यामुळे त्या नळाला मधे दोन वळणे द्यावी लागली आणि दोन्ही टोकांना लवचीक घड्यांचे जोड लावले गेले. कामाचा आराखडा म्हणून कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती होती. तिच्याखेरीज रीतसर रेखाचित्र नव्हते आणि वाकड्या नळावर दाबामुळे येणाऱ्या पिळाचा हिशेबही नव्हता. खालून आधार होता तो मचाणाच्या बांबूंसारख्या लोखंडी पाइपांचा. आत १५५ अंश सेल्सियस तापमानाचे सायक्लोहेक्झेन दाबाखाली होते, आणि या द्रवाचा उत्कलनबिंदू सुमारे ८१ अंश आहे. म्हणजे नळ फुटल्यावर ते द्रव म्हणून सांडणार नव्हते, क्षणार्धात वाफ होऊनच बाहेर पडणार होते. आणखी एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते : कारखान्याच्या मुख्य यांत्रिक अभियंत्याची जागा त्या काळात रिकामी होती. त्या नळाकडे पाहून ‘हे चालणार नाही’ असे म्हणण्याचे काम ज्याचे होते, तो माणूसच तिथे नव्हता.

तेव्हापासून ‘बदलाचे व्यवस्थापन’ हा शब्द रासायनिक उद्योगात रुजला. तात्पुरता बदलसुद्धा कागदावर यावा, त्याची तपासणी त्या विषयाच्या माणसाने करावी, हा त्याचा गाभा. फ्लिक्सबरोच्या अहवालात ‘कारण : भट्टी, उपाय : भट्टी दूर न्यावी’ एवढेच लिहिले असते, तर काय झाले असते याची कल्पना करा.

आपल्या घटनेकडे येतो. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आतली हवा हटवून आग टाळण्यासाठी सोडतात तो नायट्रोजन वायू रिॲक्टरमध्ये चालू होता का? आणि पावडरच्या पिशव्यांना आतून प्लास्टिकचे अस्तर होते का?

प्रतिसाद : बॅचवाला

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त त्यात एक भर घालतो. कित्येक मोठ्या अपघातांत सुरुवातीला ठिणगी नसतेच. आमच्यासारख्या बॅच रिॲक्टर (एका वेळी एक घाणा काढणारे भांडे) चालवणाऱ्यांना जी भीती रात्रीच्या पाळीत असते, ती ठिणगीची नसून तापमानाच्या काट्याची असते.

उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर चढत जातो. ढोबळ मानाने दर दहा अंशांना तो दुप्पट होतो असे आम्ही धरतो. जॅकेटमधून, म्हणजे भांड्याभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणातून, निघून जाणारी उष्णता मात्र तापमानातील फरकाच्या सरळ प्रमाणातच वाढते. एक दुपटीने पळतो, दुसरा पावलांनी चालतो. त्यांच्यातील अंतर एका मर्यादेपलीकडे गेले की पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही काटा खाली येत नाही. त्यात भांड्याच्या आकाराची मेख आहे. प्रयोगशाळेतील एक लिटरच्या फ्लास्कवरून हजार लिटरच्या भांड्यावर गेलो की आतील माल हजारपट होतो, पण थंड करणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारे थंडपण दहा पटींनी घटते. फ्लास्कमध्ये ज्या अभिक्रियेची उष्णता कोणाच्या लक्षातही आली नाही, ती प्लांटमध्ये इमारत पाडू शकते.

अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी नेमके हेच घडले. टी-२ लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीत पेट्रोलमध्ये मिसळायचे एक मँगनीजयुक्त रसायन सोडियम धातू वापरून तयार होत असे. ती त्यांची १७५वी बॅच होती. थंड करणारे पाणी चालले नाही आणि त्याला पर्यायी व्यवस्था नव्हती. तापमान एका पातळीपुढे गेल्यावर सोडियम आणि विद्रावक यांच्यातील दुसरी, अधिक भयंकर अभिक्रिया सुरू झाली. ती होऊ शकते हे प्रयोगशाळेतील उष्णतामापनाने आधी कळू शकले असते. दाब सोडण्यासाठी असलेली रप्चर डिस्क (ठरावीक दाबाला फुटणारी चकती) फुटूनही पुरी पडली नाही. चार माणसे मेली आणि त्यांत कंपनीचा एक मालकही होता. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने या अपघाताची चौकशी केली, आणि तिच्यात मला सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही की या लोकांना आधीच्या बॅचमध्येही तापमान अनपेक्षितरीत्या चढल्याचा अनुभव आलेला होता. पुढे बॅचचा आकारही त्यांनी सुमारे एक तृतीयांशाने वाढवला होता. १७४ वेळा निभावून गेले ही सुरक्षिततेची खूण आहे, असे ते समजले. आपण सगळेच तसे समजतो.

ठिणगीवाचून होणाऱ्या स्फोटांचा आणखी एक प्रकार म्हणजे साठवणीत आपोआप तापणारा माल. चीनमधील शियांगशुई येथे २१ मार्च २०१९ रोजी ७८ जणांचा बळी घेणारा स्फोट कुठल्याही रिॲक्टरमध्ये झाला नाही. तो दीर्घकाळ साठवून ठेवलेल्या नायट्रोयुक्त कचऱ्यात झाला. कचरा हळूहळू तापत गेला, पेटला आणि उडाला. उत्पादनाच्या मालाची आपण जेवढी काळजी घेतो, त्याच्या चौथ्या हिश्शाची काळजीसुद्धा कचऱ्याच्या पिंपांची घेत नाही.

प्रतिसाद : देखभाल_विभाग

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. ‘ठिणगी येणारच’ हे वाक्य रचनेच्या टेबलावर बसून हिशेब करताना योग्य आहे. पण देखभालीच्या लोकांनी ते शब्दशः घेतले तर अनर्थ होईल. वेल्डिंग आणि गॅस कटिंगच्या दिवशी ठिणगी आपणहून येत नाही, आपण ती हातात धरून टाकीवर चढतो.

मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथला प्रसंग सांगतो. एका ‘रिकाम्या’ टाकीच्या छपरावरच्या कठड्याला वेल्डिंग करायचे होते. टाकी दोन दिवस आधी उपसलेली होती, हॉट वर्क परमिटवर (वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या लेखी परवान्यावर) सह्या होत्या, गॅसची तपासणी सकाळी आठ वाजता झालेली होती आणि काम सुरू व्हायला दुपारचे दोन वाजले. मधल्या सहा तासांत ऊन वाढले, तळाशी राहिलेल्या चार बोटे गाळातून बाष्प सुटत राहिले आणि वेल्डिंग सुरू होताच छप्पर उचकटले. वेल्डर बाजूला उभा होता म्हणून वाचला. टाकी भरलेली असती तर कदाचित काहीच झाले नसते, कारण द्रवाच्या वर पेटायला जागाच कमी असते आणि तिथले बाष्प पुष्कळदा पेटण्याच्या मर्यादेपेक्षा दाट असते. रिकामी टाकी ही बाष्प आणि हवा यांचे मिश्रण करणारे भांडेच असते. टोल्यूइनचे हवेतील प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेले की ते पेटू शकते, म्हणजे मोठ्या टाकीला काही लिटर पुरतात.

म्हणून माझा आग्रह असा की गॅसची तपासणी काम सुरू होण्याच्या लगेच आधी व्हावी, काम चालू असताना पुन्हा पुन्हा व्हावी, आणि टाकीच्या बाहेर नव्हे तर आत, तळाजवळ व्हावी, कारण ही बाष्पे हवेपेक्षा जड असतात. ठिणगीला ‘शेवटची आणि स्वस्त वस्तू’ म्हणून सोडून देऊ नका, एवढेच माझे म्हणणे.

उत्तर : नवा_समितीसदस्य

सर्वांचे आभार. विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी पाळीच्या नोंदवहीतून आणि संबंधित ऑपरेटरशी बोलून मिळवली. पिशव्यांना आतून साधे प्लास्टिकचे अस्तर होते. आणि नायट्रोजनचा व्हॉल्व्ह उघडा होता, तशी बॅच शीटवर (त्या बॅचच्या कामाच्या क्रमाच्या व नोंदींच्या कागदावर) वेळेसह नोंद व सही आहे. समितीतील ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की नायट्रोजन चालू होता म्हणजे तो मुद्दा निकालात निघाला. मला ते पटले नाही, पण खोडून काढता आले नाही.

प्रतिसाद : प्रक्रिया_सुरक्षा

तो मुद्दा निकालात निघालेला नाही, उलट तिथूनच खरी चौकशी सुरू होते. व्हॉल्व्ह उघडा असणे आणि भांड्यात नायट्रोजन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक सेंद्रिय विद्रावकांचे बाष्प पेटू नये म्हणून आतील ऑक्सिजन सुमारे दहा टक्क्यांच्या खाली, आणि व्यवहारात त्याहूनही बराच खाली, ठेवावा लागतो. मॅनहोल उघडे असताना बारीक नळीतून येणारा नायट्रोजन हे साधू शकत नाही. त्यातच, ओतली जाणारी प्रत्येक पिशवी आपल्या दाण्यांमधली हवा सोबत घेऊन आत जाते आणि तितक्याच घनफळाचे टोल्यूइनचे बाष्प मॅनहोलमधून बाहेर, ओतणाऱ्याच्या तोंडावर ढकलते. म्हणजे मॅनहोलच्या तोंडाशी हवा आणि बाष्प यांचे मिश्रण होणे हा अपघात नव्हता. तुमच्या कार्यपद्धतीचा तो दर बॅचला ठरलेला परिणाम होता. टोल्यूइनचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानापासून त्याचे पेटण्याजोगे बाष्प सुटते तो अंक, ४ अंश सेल्सियस आहे, त्यामुळे साध्या खोलीच्या तापमानालाही असे मिश्रण तयार होते.

आता ठिणगीविषयी. कोरडी पावडर प्लास्टिकच्या अस्तरावरून घसरत बाहेर पडते तेव्हा दोन्हींवर विद्युतभार चढतो. रिॲक्टरचे अर्थिंग कितीही उत्तम असले तरी प्लास्टिकवरचा भार त्यातून जात नाही, कारण प्लास्टिक वीज वाहूनच नेत नाही. रोध मर्यादेत निघाला यात आश्चर्य नाही, आणि वायर बदलल्याने पुढच्या बॅचला काही फरक पडणार नाही हेही तितकेच खरे. अँटिस्टॅटिक बूट चांगलेच आहेत. ते कामगाराच्या शरीरावरचा भार उतरवतात, बशर्ते जमीनही वीज वाहणारी असेल आणि तिच्यावर रंगाचा किंवा रेझिनचा थर नसेल.

एक सावधगिरीची सूचना. समिती आता जोशात येऊन ‘नायट्रोजनचा प्रवाह दसपट वाढवा’ असा उपाय सुचवू शकते. तसे केल्यास उघड्या मॅनहोलवर वाकून ओतणारा माणूस ऑक्सिजनशिवायच्या प्रवाहात श्वास घेईल. नायट्रोजनला वास नसतो आणि गुदमरत असल्याची जाणीवही तो होऊ देत नाही, दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. आग टाळण्याच्या नादात हा धोका ओढवून घेऊ नये.

प्रतिसाद : धूळ_आणि_चाळणी

पावडरचा विषय निघाला म्हणून लिहितो. टोल्यूइनकडे पाहताना पावडरकडे दुर्लक्ष होऊ नये. बहुतेक सेंद्रिय पावडरी हवेत उडाल्या की स्वतःच स्फोटक असतात, अगदी साखरसुद्धा. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात १४ माणसे मेली. सायलोखाली (साखर साठवण्याच्या उंच कोठारांखाली) साखर वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, ती स्वच्छ राहावी या चांगल्या हेतूने, धातूचे पत्रे लावून तो बंदिस्त केला होता. आत धूळ साचत गेली, ती पेटली, आणि त्या पहिल्या धक्क्याने मजल्यामजल्यांवर तुळयांवर बसलेली धूळ उडून एकामागोमाग एक स्फोट होत गेले. पहिला स्फोट आटोपशीर होता, माणसे मारली ती झाडू न मारलेल्या धुळीने. तुमच्या पावडर ओतण्याच्या जागेच्या वर, केबल ट्रेवर आणि दिव्यांवर, किती थर आहे तो बोट फिरवून पाहा. पावडर आणि विद्रावकाचे बाष्प एकत्र असले तर ते मिश्रण नुसत्या धुळीपेक्षा बरेच कमी ऊर्जेने पेटते, हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद : बॅचवाला

मॅनहोलवाटे पावडर ओतण्याचे काम मी स्वतः अनेक वर्षे केले आहे, म्हणून व्यवहाराचे सांगतो. सर्वांत स्वस्त उपाय क्रम उलटवण्याचा असतो. आधी कोरड्या, स्वच्छ रिॲक्टरमध्ये पावडर भरावी, मॅनहोल बंद करावे, निर्वात करून नायट्रोजन भरावा, असे दोन-तीन वेळा करावे आणि मग बंद नळातून, तळापर्यंत गेलेल्या पाइपने टोल्यूइन सोडावे. नळाचे तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवावा, म्हणजे द्रवावरही भार फारसा चढत नाही. अर्थात हा क्रम रसायनशास्त्राला चालतो का, हे तुमच्या प्रक्रिया विकसित करणाऱ्यांना विचारल्याशिवाय करू नका. एखादी अभिक्रिया उलट्या क्रमाने पावडरच्या ढिगात सुरू झाली, तर मी वर लिहिलेली टी-२ ची गोष्ट तुमच्या घरी येईल. क्रम बदलणे हाही बदलच आहे आणि तो कागदावर, तपासणीतूनच गेला पाहिजे.

क्रम उलटवणे शक्य नसेल तर बंद हॉपर (पावडर भरण्याचे नरसाळ्यासारखे भांडे), खाली दोन व्हॉल्व्ह आणि मधल्या जागेत नायट्रोजन, अशी व्यवस्था करता येते. तिला खर्च आहे. समितीत विरोध होईल तो इथेच.

उत्तर : नवा_समितीसदस्य

मी अहवालावर सही केलेली नाही. कारणाच्या रकान्यातील वाक्य तसेच ठेवून त्याच्या वर मी आणखी तीन प्रश्न लिहून तो परत पाठवला : टोल्यूइन असताना मॅनहोल उघडण्याची परवानगी कार्यपद्धतीत कोणी व केव्हा दिली, पिशव्यांचे अस्तर कोणी निवडले, आणि आत ऑक्सिजन किती होता हे कधी कोणी मोजले आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजच मिळाले. मूळ कार्यपद्धतीत पावडर आधी आणि टोल्यूइन नंतर असाच क्रम होता. काही वर्षांपूर्वी पावडरचे गोळे होऊन ढवळण्याच्या पात्यावर ताण येतो म्हणून एका बॅचपुरता क्रम बदलला गेला होता. बॅच शीटच्या समासात पेनाने बाण काढलेला आहे आणि बाजूला ‘तात्पुरते’ असे लिहिले आहे. पुढच्या वेळी शीट टंकताना तो बाण मजकुरात गेला आणि ‘तात्पुरते’ हा शब्द गळला.